डोनट घ्यायचा तर कुठला, आणि बेकरीतल्या क्रीम रोलचं काय झालं

पुण्या-मुंबईत आज डोनट तीन प्रकारांत मिळतो. एक मॉलमधल्या साखळी दुकानांतला, नगाला साधारण 80 ते 130 रुपये. दुसरा कोपऱ्यावरच्या बेकरीतला, पिठीसाखरेत घोळवलेला, 20 ते 40 रुपयांत. तिसरा घरून ऑर्डर घेणाऱ्यांचा, सहाच्या बॉक्समध्ये, वर रंगीत थर आणि त्यावर बिस्किटाचा चुरा. नाव एकच असलं तरी पीठ, तेल आणि वरचा थर पाहिला की तिघांचं एकमेकांशी फारसं जमत नाही. पैसे कुठे वसूल होतात ते आधी बघू, मग या पाहुण्याने आपल्या काचेच्या कपाटातून कुणाला उठवलं तेही बघू.

साखळी दुकानांपैकी मॅड ओव्हर डोनट्स 2008 पासून भारतात आहे आणि त्यांचा माल अंड्याशिवायचा. डंकिन डोनट्स 2012 मध्ये दिल्लीच्या कॅनॉट प्लेसला आलं, आणणारी कंपनी डॉमिनोज चालवणारी ज्युबिलंट फूडवर्क्सच. पुढच्या वर्षी बंगळुरूत क्रिस्पी क्रीम आलं. डंकिनचं इथलं गणित फसलं ते न्याहारीवर. अमेरिकेत सकाळच्या कॉफीसोबत डोनट खपतो, पण ज्या देशात सकाळी पोहे, पराठे आणि इडली आहे तिथे आठ वाजता चॉकलेटचा थर कोण खाणार? थोड्याच काळात मेनूत बर्गर पुढे आले आणि नंतर बरीच दुकानं बंदही झाली. अंड्याशिवायच्या डोनटवाल्यांनी मात्र नस बरोबर पकडली. संध्याकाळची वेळ, वाढदिवसाचं निमित्त, हातात धरून नेता येईल असा बॉक्स आणि त्यावर हिरवा ठिपका. म्हणजे ऑफिसातल्या एकालाही ‘मला चालत नाही’ म्हणायची सोय उरली नाही.

अंडं काढल्याने केकचं जेवढं बिघडतं तेवढं यीस्टच्या डोनटचं बिघडत नाही, कारण इथे फुगवण्याचं काम यीस्ट करतं. पण बलकामुळे येणारा मऊपणा आणि पिवळसर रंग जातो. तो दूध पावडर आणि सोया लेसिथिन वगैरे घालून भरून काढतात. असा डोनट लवकर कोरडा पडतो. सकाळी तळलेला संध्याकाळपर्यंत ठीक, दुसऱ्या दिवशी वातड. म्हणून रात्री साडेनऊला ‘दोनावर एक फुकट’ची पाटी लागली की तो माल त्याच रात्री संपवायचा असेल तरच घ्यावा.

चांगला डोनट न खाताही ओळखता येतो. कडेने बघा: वरच्या आणि खालच्या तपकिरी भागांच्या मधोमध फिकट पांढरा पट्टा हवा. पीठ पुरेसं फुगलेलं असलं की डोनट तेलात अर्धा बुडतो, अर्धा वर राहतो आणि उलटवल्यावर मधला भाग तेलाला लागतच नाही, त्यामुळे तिथे पट्टा राहतो. पट्टा नसेल तर पीठ कमी फुगलेलं होतं, आतून डोनट दडस निघणार. पट्टा आहे पण पृष्ठभाग सुरकुतलेला, मधून बसलेला, तर पीठ जास्त फुगून दम सोडलेला. मग तळाशी बघा. बॉक्सच्या कागदावर थोडा डाग पडणारच, पण कागद आरपार दिसायला लागला असेल तर तेल पुरेसं तापलेलं नव्हतं.

चॉकलेटच्या थराची परीक्षा जिभेवर होते. खरं चॉकलेट तोंडात विरघळतं, कारण त्यातलं कोको बटर शरीराच्या उष्णतेला वितळतं. बहुतेक ठिकाणी वापरतात ते कंपाउंड. त्यात कोको बटरऐवजी पाम किंवा पामच्या बीचं तेल असतं आणि खाल्ल्यावर टाळूला मेणासारखा चिकट थर बसतो. कंपाउंड वापरणं हा गुन्हा नाही, आपल्या हवेत खरं चॉकलेट काउंटरवर टिकणं मुश्कील. पण 120 रुपये घेऊन टाळूला मेण लागत असेल तर तक्रार रास्त आहे. साखळी दुकानांत माझ्या मते साधा ग्लेझ केलेला किंवा दालचिनी-साखरेचा डोनट घ्यावा. पीठ लपवायला तिथे जागाच नसते. भरलेल्या डोनटमध्ये सारण एकाच कोपऱ्यात गोळा होऊन बसलेलं असतं, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की त्यावर वेगळं काय लिहायचं.

कोपऱ्यावरच्या बेकरीतला डोनट जास्त विचार करण्यासारखा आहे. डोनटला दोन हातखंडे लागतात, यीस्टचं पीठ आणि तळण. बेकरीवाल्याचा जन्म भट्टीपुढे गेलेला. यीस्ट त्याला कळतं, कढई त्याच्या धंद्यात नव्हतीच. मिठाईवाल्याचं उलट. तळणाचा अंदाज त्याच्या झाऱ्यात आहे, पण यीस्टच्या पिठाशी त्याचा संबंध नाही. गिऱ्हाईक मागायला लागलं म्हणून बेकरीवाल्याने काय केलं, तर पावाच्याच पिठात थोडी साखर वाढवली, स्टीलच्या पेल्याने गोल कापले, बाटलीच्या झाकणाने मधलं भोक पाडलं आणि तळले. पावाच्या पिठात तूप-लोणी जवळजवळ नसतं, म्हणून असा डोनट गरम असताना झकास लागतो आणि दोन तासांत पावासारखाच चिवट होतो. त्यात ज्या बेकरीत सामोसे आणि ब्रेड पकोडेही तळतात तिथे कढई एकच. मग पिठीसाखरेखालून कांदा आणि बेसनाचा वास येतो.

तेलाचा प्रश्न नुसता वासाचा नाही. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात पोलर संयुगं, म्हणजे तेल बिघडल्याने तयार होणारी द्रव्यं, साठत जातात आणि ती 25 टक्क्यांपुढे गेली की ते तेल वापरायचं नाही, असा एफएसएसएआयचा (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) नियम 1 जुलै 2018 पासून लागू आहे. गिऱ्हाईकाकडे मापायचं यंत्र नसतं, पण खुणा पुरेशा आहेत: काही तळत नसतानाही तेल फेसाळत असेल, झाऱ्यावरून मधासारखं ओघळत असेल, किंवा डोनटचा रंग सोनेरीऐवजी काळपट तांबूस असेल, तर तो डोनट सोडून खारी घ्यावी.

तरीही चांगला बेकरी डोनट मिळतो आणि तो पैशाच्या मानाने या तिन्हींत सरस. अट एवढीच की घाणा कधी निघतो ते विचारायचं. बऱ्याच बेकऱ्या दुपारी चारच्या सुमाराला, चहाच्या गर्दीआधी तळतात. साखर आधीच घोळवून ठेवलेली नसावी. पावसाळ्यात ती ओलावा धरते, पाझरते आणि वरून चिकट होते. देताना साखर लावणारा बेकरीवाला आपलं काम जाणतो, असं खुशाल समजा.

घरी करायचे तर हे प्रमाण धरून चालतं: मैदा 500 ग्रॅम, कोमट दूध 280 मिली, साखर 60 ग्रॅम, लोणी 60 ग्रॅम, दूध पावडर 20 ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट 7 ग्रॅम, मीठ 8 ग्रॅम. लोणी शेवटी, पीठ मळून झाल्यावर घालायचं. आधी घातलं तर पिठाला ताण येत नाही. दहा-बारा मिनिटं मळून तास-सव्वा तास दुप्पट होऊ द्यायचं. 12 मिलिमीटर जाड लाटून 8 सेंटिमीटरच्या साच्याने कापायचे, पंधरा-सोळा होतात. प्रत्येक डोनट बटर पेपरच्या चौकोनी तुकड्यावर ठेवून आणखी अर्धा-पाऊण तास फुगू द्यायचे आणि कागदासकट तेलात सोडायचे. हाताने उचलले की दबतात आणि सगळी मेहनत तिथेच वाया जाते. बोटाने हलकं दाबल्यावर खळगा सावकाश भरून आला तर तळायला तयार. लगेच भरला तर अजून थांबा, भरलाच नाही तर उशीर झाला. तेल 175 ते 180 अंश, एका बाजूला मिनिटभर किंवा थोडं जास्त. 165 च्या खाली डोनट तेल पितो, 190 च्या वर बाहेरून करपतो आणि आत कच्चा राहतो. मे महिन्यात नागपूरला करत असाल तर दूध कोमट नको, थंडच घ्या. पीठ तासाभराऐवजी पस्तीस-चाळीस मिनिटांतच फुगतं. उरलेले फ्रिजमध्ये ठेवू नका. फ्रिजच्या तापमानाला पिठातला स्टार्च बाहेरच्यापेक्षा लवकर घट्ट होतो. हवाबंद डब्यात बाहेरच ठेवा आणि खाताना मायक्रोवेव्हमध्ये आठ-दहा सेकंद.

आता आपल्या खाऊचं. डोनटमुळे वडापाव संपणार अशी ओरड मधूनमधून होते, तिच्यात दम नाही. वडापाव ही भुकेची सोय, तिखट आणि उभ्या-उभ्या खायची. त्याच्या वाटेला डोनट गेलेलाच नाही. सामोसा, भजी, मिसळ यांचंही तेच. धक्का बसला तो बेकरीच्या गोड फळीला, म्हणजे क्रीम रोल, जॅम-पेस्ट्री आणि थोड्या प्रमाणात मावा केकला. आणि ‘पार्टी दे’ म्हटल्यावर येणाऱ्या पेढ्याच्या पुड्याला. पूर्वी ऑफिसातल्या वाढदिवसाला कागदी डिशमध्ये सामोसा, वेफर्स आणि एक पेढा असायचा. सामोसा आणि वेफर्स अजून आहेत, पेढ्याच्या जागी अर्धा कापलेला डोनट आला.

क्रीम रोल मागे पडायला डोनट एकटा जबाबदार नाही. रोलची पफ पेस्ट्री चांगली करायची तर पीठ आणि चरबीच्या घड्या घालून, मध्ये विश्रांती देऊन, पुन्हा घड्या घालाव्या लागतात. हे काम जाणणारा कारागीर सुटला की खारीचे आणि रोलचे पदर एकदमच बिघडतात. आत भरायचं ‘क्रीम’ म्हणजे बहुतेक ठिकाणी वनस्पती तूप आणि पिठीसाखर फेटलेली, दूध-साय तिथे फिरकलेली नसते. वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटवर, म्हणजे हृदयाला घातक अशा चरबीवर, जानेवारी 2022 पासून 2 टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे तो जुना आक्षेप आता तितका राहिलेला नाही. पण चव मेणचटच. डोनटच्या कंपाउंड थराला नाव ठेवायचं आणि क्रीम रोलला आठवणींपोटी सूट द्यायची, हे बरोबर नाही. सायीचं किंवा निदान लोण्याचं क्रीम भरणारी बेकरी सापडली तर तो रोल आजही कुठल्याही डोनटला भारी पडेल.

कराचाही यात हात होता. 22 सप्टेंबर 2025 च्या आधी केक, पेस्ट्री वगैरे बेकरी मालावर 18 टक्के जीएसटी होता आणि मिठाईवर 5. दुकानात बसून खायची सोय असलेले ‘आमची ही उपाहारगृहाची सेवा’ म्हणून 5 टक्केच लावत. डोनट म्हणजे बेकरी माल की सेवा, हा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. आता बेकरी मालही 5 टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे निदान या बाबतीत काउंटर सारखे झाले.

डोनटची खरी जोडीदार मिठाईवाल्याकडे आहे, बालुशाही. तोच मैदा, तेच तळण, मधे तोच खळगा आणि कारणही तेच: आच मध्यापर्यंत पोचावी. (मेदूवड्याचं भोकही त्याचसाठी.) पण तंत्र अगदी उलट. डोनटचं पीठ मळून ताणदार करायचं, बालुशाहीचं मळायचंच नाही. 250 ग्रॅम मैद्याला 70 ग्रॅम तुपाचं मोहन, 60 ग्रॅम दही, पाव चमचा सोडा, चिमूटभर मीठ. हाताने नुसतं गोळा करायचं आणि वीस मिनिटं झाकून ठेवायचं. मळलं की पदर सुटत नाहीत, बालुशाही दगड होते. आच डोनटच्या मानाने खूपच मंद, 120 अंशांच्या आसपास, आणि वीस-पंचवीस मिनिटं. सोडल्यावर ती स्वतःहून वर येईपर्यंत झारा लावायचा नाही. घाई करून आच वाढवली तर बाहेरून लाल, आत कच्च्या मैद्याचा गोळा. मग कोमट एकतारी पाकात चार-पाच मिनिटं. पाक कडक गरम असेल तर ती फुटते, गार असेल तर आत शिरत नाही. दुकानात घेताना एक नग मोडून बघावा. पदर दिसले पाहिजेत, पाक मध्यापर्यंत पोचलेला हवा आणि बोटाला लागलेलं तूप खवट वासाचं नको.

टिकण्यात तर तुलनाच नाही. पाकातली साखर पाणी धरून ठेवते, म्हणून बालुशाही बाहेर आठ-दहा दिवस राहते, डोनट एक दिवस. नगाचा भाव 20-30 रुपयांच्या घरात. तरी ती हरते, कारण तिचा बॉक्स कुणी फोटो काढून टाकत नाही आणि आठ वर्षांच्या मुलाला त्यावर रंगीत दाणे दिसत नाहीत. काही मिठाईवाल्यांनी यावर गुलाबजाम-डोनट, रसमलाई-डोनट असले संकर काढले आहेत. त्यातला गुलाबजामवाला टाळा. पाक डोनटच्या पिठात शिरून लगदा होतो. रसमलाईवाला, आटवलेलं दूध वेगळ्या वाटीत दिलं असेल तर, चालतो.

वीस माणसांसाठी न्यायचं असेल तर मी एक किलो बालुशाही नेईन. 40-50 ग्रॅमचा नग धरला तर वीस ते पंचवीस भरतात आणि खर्च साखळीतल्या सहाच्या एका बॉक्सएवढा. मुलांचा वाढदिवस असेल तर बेकरीवाल्याला आदल्या दिवशी सांगून चारचा घाणा घ्यावा, साखर वेगळ्या पुडीत मागावी आणि घरी पोचल्यावर लावावी.