एमएल किट डॉक्युमेंट स्कॅनर: टिपतो उत्तम, दप्तर मात्र आपलं आपण लावायचं

अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये कागद स्कॅन करायची सोय हवी असेल, तर गूगलच्या एमएल किटमधला (अ‍ॅपसाठी तयार मशीन लर्निंग साधनांचा संच) डॉक्युमेंट स्कॅनर बेलाशक घ्या. कडा शोधणं, कागद सरळ करणं, पानांची पीडीएफ बांधणं हे काम प्ले सर्व्हिसेस (फोनवरची गूगलची पायाभूत सेवा) उचलते. अ‍ॅप जेमतेम ३०० केबीने वाढतं, कॅमेऱ्याची परवानगीही लागत नाही. फुल मोडमध्ये, म्हणजे सगळ्या सोयी चालू असताना, डाग आणि कडेला आलेली बोटंसुद्धा पुसली जातात. पण पुरावा म्हणून जपायच्या कागदातलं काही यंत्राने पुसावं हे योग्य नाही. तिथे ही पुसापुशी नसलेला बेस मोडच ठेवा. १.७ जीबीपेक्षा कमी रॅमच्या फोनवर स्कॅनर उघडत नाही, एरर येते. तेव्हा साध्या कॅमेऱ्याची वाट ठेवावीच लागते.

मिळालेल्या फायली अ‍ॅपच्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, असतात. जागा कमी पडली की अँड्रॉइड कॅश साफ करतं, म्हणून फाइल हाती येताच कायमच्या फोल्डरमध्ये कॉपी करा.

खरी मेहनत शोधाची. पीडीएफमध्ये नुसती चित्रं असतात, मजकूर नसतो. त्यासाठी एमएल किटचंच देवनागरी टेक्स्ट रेकग्निशन (चित्रातला मजकूर वाचणारं साधन) वेगळं जोडावं लागतं. अ‍ॅपसोबत बांधलं तर साधारण ४ एमबी वाढतात. छापील मराठी ते वाचतं. मग तो मजकूर एसक्यूलाइट या फोनवरच्या डेटाबेसच्या एफटीएस५ मध्ये (मजकुरात शब्द शोधणारा भाग) टाकला की घोळ होतो: मजकुराचे शब्द पाडणारा त्याचा नेहमीचा युनिकोड६१ टोकनायझर काना-मात्रा-वेलांटीला अक्षर मानत नाही, तिथेच शब्द तोडतो. 'दान', 'दिन' आणि 'दोन' तिन्हींचे 'द' आणि 'न' असे तेच दोन तुकडे पडतात, आणि 'दान' शोधणाऱ्यापुढे भलतेच कागद येतात. टेबल बनवतानाच टोकनायझरच्या कॅटेगरीज पर्यायात एमएन आणि एमसी हे दोन वर्ग (युनिकोडमधली अक्षराला जोडून येणारी चिन्हं) वाढवा. 'दुसऱ्या'तला ऱ् काही कीबोर्ड र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह मिळून लिहितात. शब्द तिथेही तुटतो. म्हणून साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे तो एकाच रूपात आणा. एफटीएस५ प्रत्येक फोनच्या एसक्यूलाइटमध्ये असेलच असं नाही, तेव्हा एसक्यूलाइट अ‍ॅपसोबतच द्या.

हस्तलिखित फेरफार किंवा जुन्या खरेदीखतांसाठी या वाचनावर विसंबू नका, आणि मोडी तर त्याला येतच नाही. अशा कागदांना गाव, गट क्रमांक आणि तारीख हे रकाने स्कॅन होताच हाताने भरून घ्या.