पाश्चर शीतकपाटात, बेरिंग भिंतीवर : कोथरूडमधील एका लसीकरण केंद्राचा अनुभव

गेल्या महिन्यात म्हातोबाच्या टेकडीवरून उतरताना एका भटक्या कुत्र्याने माझ्या उजव्या पोटरीचा चावा घेतला आणि त्यापायी रेबीजच्या लशीसाठी कोथरूडमधील एका खासगी लसीकरण केंद्रात अठ्ठावीस दिवसांत पाच खेपा घालाव्या लागल्या. केंद्राचे नाव येथे देत नाही, कारण ज्या उणिवेविषयी लिहायचे आहे ती या एकाच ठिकाणची असेल असे मला वाटत नाही.

आधी चांगले सांगतो. मी घरीच नळाखाली साबणाने जखम धुऊन गेलो होतो, तरीही परिचारिकेने ‘किती वेळ धुतलीत?’ असे विचारले, आणि उत्तर समाधानकारक न वाटल्याने घड्याळ लावून पुन्हा पंधरा मिनिटे धुवायला लावली. शीतकपाटावर तापमानाची वही टांगलेली होती आणि तिच्यात त्या दिवशीची नोंद खरोखरच केलेली होती. लशीची कोरडी भुकटी असलेली कुपी माझ्यासमोर फोडून, सोबतचे पाणी त्यात मिसळून, दंडात डोस दिला गेला. किंमत वेष्टनावर छापलेली तेवढीच घेतली. टोचण्याचे शुल्क वेगळे, पण ते आधी सांगितले होते. पुढच्या चार तारखा कार्डावर लिहून मिळाल्या आणि प्रत्येक तारखेच्या आदल्या संध्याकाळी आठवणीचा फोनही आला.

या केंद्राची खासियत म्हणजे प्रतीक्षाकक्षाच्या भिंतीवरील लशींच्या इतिहासाचे फलक. पाच खेपांत ते मी इतक्यांदा वाचले की त्यांचेही परीक्षण करणे मला भाग आहे. पहिला फलक अर्थातच एडवर्ड जेन्नर यांचा : 1796 साली त्यांनी गवळणीच्या हातावरील गाईच्या देवीच्या फोडातील द्रव जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला टोचला, ही सर्वांना ठाऊक असलेली हकिगत. मात्र तोच द्रव दंडावरून दंडावर असा प्रवास करत बगदाद, बसरामार्गे मुंबईत पोहोचला आणि 14 जून 1802 रोजी तेथे ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचला गेला, आणि मग मुंबईहून तो पुण्यालाही आला, याचा फलकावर उल्लेख नाही. पुण्यातल्या भिंतीवर एवढी ओळ असायला हरकत नव्हती. आपल्या भाषेने तर ही आठवण जपून ठेवली आहे : जखमेतून पाझरते तीही ‘लस’ आणि टोचतात तीही ‘लस’.

दुसरा फलक लुई पाश्चर यांचा असून तो सर्वांत चांगला जमला आहे. पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला 6 जुलै 1885 पासून त्यांनी सशाच्या वाळवलेल्या मज्जारज्जूपासून केलेली तेरा इंजेक्शने दिली, आधी जास्त वाळवलेला म्हणजे सौम्य, मग क्रमाक्रमाने ताजा आणि तीव्र. रोगाचे विषाणू मज्जातंतूंतून मेंदूकडे सावकाश सरकतात, त्यामुळे चावा घेतल्यानंतर दिलेली लसही त्यांना गाठू शकते, हे फलकावर दोन सोप्या चित्रांत दाखवले आहे. शेजारी बसलेल्या आजोबांनी ते नातवाला बोट ठेवून समजावले, यावरून फलक लावण्याचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.

पण पाश्चर यांच्यानंतर फलक एकदम आजच्या पेशीसंवर्धित, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर केलेल्या, लशीवर उडी मारतो, आणि मधली जवळजवळ शंभर वर्षे, जी आपली आहेत, गळून पडतात. डेव्हिड सेंपल यांनी 1911 साली कसौलीत प्राण्यांच्या मेंदूपासून लस तयार केली. भारतात ती एकविसावे शतक उजाडल्यावरही काही वर्षे वापरात होती. ‘कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं’ ही आमच्या पिढीच्या मनातली धडकी याच लशीची. माझ्या थोरल्या काकांनी ती सगळी घेतली होती आणि ते पुढे आयुष्यभर कुत्रा दिसला की रस्ता बदलत. त्या लशीतील मज्जापेशींमुळे क्वचित एखाद्याला पक्षाघातही होई. आजही प्रतीक्षाकक्षात पाय ठेवणारा प्रत्येक दुसरा माणूस ‘पोटात देणार का?’ असे विचारतो, त्याचे उत्तर भिंतीवर असते तर परिचारिकेचे श्रम वाचले असते.

तिसरा फलक एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांचा. धनुर्वाताला प्रतिकार निर्माण झालेल्या प्राण्याचे रक्तजल (सीरम) दुसऱ्या प्राण्याला दिले तर ती प्रतिकारशक्तीही उसनी देता येते, हे त्यांनी 1890 साली दाखवले. 1901 चे वैद्यकाचे पहिले नोबेल एकट्या बेरिंग यांना मिळाले, तरी फलकावर कितासातो यांचे नाव आहे, याबद्दल केंद्राचे अभिनंदन. खाली घोड्याचे चित्रही आहे. येथे पुण्याची गोष्ट आपोआप आली असती : पूनावाला यांच्या स्टड फार्मवरील निवृत्त घोडे रक्तजलासाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे जात आणि त्यातूनच 1966 साली हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली.

माझी तक्रार नेमकी याच फलकाखाली सुरू होते. माझ्या जखमेतून रक्त आले होते, म्हणजे ती तिसऱ्या, सर्वांत गंभीर श्रेणीची. लशीमुळे शरीर स्वतःची प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूंना निकामी करणारी प्रथिने, तयार करीपर्यंत साधारण एक-दोन आठवडे जातात, आणि तोवरच्या संरक्षणासाठी तयार प्रतिपिंडे (इम्युनोग्लोब्युलिन) जखमेतच टोचावी लागतात. हे मला डॉक्टरांनी उत्तम समजावून सांगितले आणि त्यानंतर, तितक्याच शांतपणे, ती आमच्याकडे शिल्लक नाहीत असे सांगितले. कुठे मिळतील, याचे उत्तर ‘मोठ्या रुग्णालयात विचारा’ एवढेच. दोन ठिकाणी नकार ऐकून, रिक्षाने गाव ओलांडून, रात्री साडेनऊ वाजता तिसऱ्या ठिकाणी घोड्याच्या रक्तजलापासून केलेली प्रतिपिंडे मिळाली. वजनाच्या हिशेबाने, दर किलोला चाळीस एकके, अशी ती पोटरीत चोहोबाजूंनी टोचली गेली. तो प्रकार लशीपेक्षा पुष्कळ दुखणारा आहे.

धनुर्वात, कावीळ, फ्लू अशा ठरवून घ्यायच्या लशींसाठी हे केंद्र मी निःशंकपणे सुचवीन. कुत्रा चावल्यावर मात्र जखम धुता धुता घरच्या कोणाला तरी फोन करायला सांगा, आणि ‘लस आहे का?’ असे न विचारता ‘इम्युनोग्लोब्युलिन आहे का?’ असे विचारा. पाचव्या डोसाच्या दिवशी मी अभिप्रायाच्या वहीत हेच लिहिले. परिचारिकेने ते वाचून शीतकपाट उघडून दाखवले : सगळ्यात खालच्या कप्प्यात दोन नव्या कुप्या होत्या, आणि माझ्या वजनाला त्या पुरल्या नसत्या.