टर्नबकल टायटॅनियमचे, ड्राइव्हशाफ्ट स्टीलचे: १/१० आरसी बग्गीवर पैसे कुठे घालावेत

ट्रॅकवर धावणाऱ्या १/१० मापाच्या, रिमोटवर चालणाऱ्या (आरसी) टू-व्हील ड्राइव्ह बग्गीसाठी आमचा कौल आधीच सांगून टाकतो. टायटॅनियम घ्यायचेच असेल तर टर्नबकल, म्हणजे फिरवून लांबी कमीजास्त करता येणारे जोडदांडे, घ्या. जे भाग एकमेकांवर घासतात किंवा ज्यांच्यातून ताकद चाकाकडे जाते, ते हार्डन केलेल्या स्टीलचेच असू द्या. टायटॅनियम स्क्रूंचा पूर्ण संच ही बहुतेकांसाठी निव्वळ चैन आहे.

वजन वाचते म्हणून टायटॅनियम, असे सगळेच म्हणतात. किती वाचते ते पाहू. स्टीलची घनता साधारण ७.८५ ग्रॅम प्रति घन सेमी, ग्रेड ५ या मजबूत टायटॅनियम मिश्रधातूची ४.४३. सरासरी ४५ मिमी लांबीचे, ३.५ मिमी व्यासाचे स्टील टर्नबकल ३.४ ग्रॅमच्या आसपास भरते, तेच टायटॅनियमचे १.९ ग्रॅम. बग्गीत अशी सात असतात: पुढच्या कॅम्बरची (चाकाच्या उभ्या कलाची) दोन, मागच्या कॅम्बरची दोन, स्टिअरिंगची दोन आणि सर्व्हो लिंकचे (स्टिअरिंग फिरवणाऱ्या मोटरला जोडणारे) एक. सगळी बदलली तर फार तर दहा ग्रॅम वाचतात. या वर्गाचे किमान वजन १४७४ ग्रॅम आहे, म्हणजे बचत एका टक्क्याहूनही कमी. दोन कंपन्यांच्या शॉर्टी (आखूड) बॅटऱ्यांत सहज एवढा फरक निघतो. शिवाय हीच मंडळी नंतर पुढच्या बल्कहेडखाली (सस्पेन्शन जिथे बसते त्या भागाखाली) पितळी वजने लावताना दिसतात!

टर्नबकलमध्ये टायटॅनियम घेण्याचे खरे कारण वेगळे आहे. धडक बसली की साधे स्टील वाकते आणि वाकलेलेच राहते. पुढच्या लॅपपासून गाडी एका बाजूला ओढू लागते. टायटॅनियम जास्त लवते, पण बहुतेक वेळा परत सरळ होते. मात्र ते लवते म्हणूनच व्यास महत्त्वाचा. टायटॅनियमचा ताठपणा स्टीलच्या जेमतेम ५५ टक्के असतो, त्यामुळे ३ मिमी स्टील काढून ३ मिमी टायटॅनियम लावले तर स्टिअरिंग थोडे रबरासारखे लागते. वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणून ३.५ मिमीचे टायटॅनियम ३ मिमी स्टीलइतकेच ताठ ठरते आणि तरीही सुमारे २३ टक्के हलके असते. गाडीला ३.५ मिमीचे बॉल कप (टर्नबकलच्या टोकाला बसणाऱ्या प्लास्टिकच्या वाट्या) बसत असतील तरच हा सौदा फायद्याचा.

लन्सफोर्ड कंपनीची टायटॅनियम टर्नबकल या बाबतीत जुनी आणि भरवशाची. ती गाडीच्या मॉडेलप्रमाणे संचात मिळतात, त्यामुळे लांबी मोजत बसावे लागत नाही. दुसरीकडे एक्सरे ही स्लोव्हाकियातली कंपनी आपल्या किटमध्ये हुडी या ब्रँडच्या स्प्रिंग स्टीलची टर्नबकल देते, आणि तीही लवून परत येतात. तुमच्या गाडीत ती आधीच असतील तर टायटॅनियमवर खर्च करू नका. बदल हवा तो साध्या, मऊ स्टीलच्या टर्नबकलना.

बसवताना दोन गोष्टी पाळा. प्रत्येक टर्नबकलच्या एका टोकाला डावे आटे असतात आणि बहुतेक कंपन्या त्या बाजूला बारीक खाच कोरतात. सगळ्या खाचा गाडीच्या डाव्या बाजूला ठेवा, म्हणजे कुठलेही टर्नबकल एकाच दिशेला फिरवले की लांब होते. दुसरे, नव्या प्लास्टिक बॉल कपात आटे कोरडे घुसवू नका. घर्षणाने प्लास्टिक तापून सैल होते. अंगाच्या साबणाच्या वडीवर आटे घासा आणि थांबत थांबत फिरवा. कपात व्यासाच्या दुप्पट तरी आटे गेले पाहिजेत. त्याहून कमी असतील तर टर्नबकल नेमके कपाच्या तोंडाशी तुटते. पानाही नेमक्या मापाचा हवा, ढिल्या पान्याने कडा गोल होतात.

ड्राइव्हशाफ्ट (चाकाकडे ताकद नेणारा दांडा), आउटड्राइव्ह (डिफरेन्शियल म्हणजे डिफचे बाहेर आलेले खाचेचे तोंड), पिन आणि पिनियनमध्ये (मोटरवरच्या छोट्या गिअरमध्ये) मात्र टायटॅनियम नकोच. हा धातू घासला की पृष्ठभाग ओरबाडून एकमेकाला चिकटतो. टायटॅनियमच्या आउटड्राइव्हमध्ये पिनची खाच लवकर खोल होते आणि मग डिफ कितीही नवा असला तरी गाडी झटके देते. इथे एमआयपीसारख्या कंपन्यांचे हार्डन स्टीलचे सीव्हीडी (सांध्याचे ड्राइव्हशाफ्ट) घ्यावेत. किमतीत ते टायटॅनियम टर्नबकलच्या संचाच्या आसपास पडतात, फरक मात्र पहिल्याच दिवशी कळतो. सांध्यातल्या पिनवर काळ्या ग्रीसचा जेमतेम एक थेंब पुरे. जास्त लावले तर आपल्याकडची लाल माती त्यात मिसळून पॉलिश पेपरचे काम करते. पिनच्या ग्रब स्क्रूला (बिनडोक्याच्या स्क्रूला) थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव) आणि वरून श्रिंक ट्यूबचा तुकडा, एवढी काळजी घेतली की पिन निसटत नाही.

एक सावधगिरी: गाडीतला एखादा भाग पोलादी केला की तुटण्याची पाळी पुढच्या भागावर येते. प्लास्टिकचे शाफ्ट बदलून स्टीलचे लावले की मार डिफच्या गिअरवर जातो. म्हणून सस्पेन्शनचे आर्म नायलॉनचेच ठेवा. आर्म तुटला तर थोडक्यात भागते. ॲल्युमिनियमचा आर्म वाचतो, पण सोबत बल्कहेड घेऊन जातो.

आता स्क्रू. एम३ बाय १० चा (३ मिमी व्यासाचा, १० मिमी लांब) बटन हेड स्क्रू स्टीलमध्ये ०.७ ग्रॅम, टायटॅनियममध्ये ०.४. साठ स्क्रू बदलले तर १८ ग्रॅम वाचतात, पण त्यातले निम्मे चॅसिसच्या तळाला असतात आणि तिथले वजन कमी करून हाताळणीत काहीच मिळत नाही. हवेच असतील तर शॉक टॉवर (शॉक अडकवायची उभी पट्टी) आणि वरच्या डेकवर लावा. ताकदीत ग्रेड ५ चा स्क्रू १०.९ वर्गाच्या स्टीलच्या जवळ जातो, १२.९ च्या मात्र खालीच (हा आकडा जितका मोठा तितके स्टील मजबूत). स्वस्तातले स्क्रू बऱ्याचदा ग्रेड २ चे, म्हणजे मऊ. २ मिमीची ॲलन की दोनदा घातली की हेड गोल. नेहमीचे ए२ स्टेनलेसही असेच दगा देते.

ॲल्युमिनियमच्या भागात टायटॅनियम स्क्रू कोरडा कधीच लावू नका, आटे जाम होतात. मध्यम ताकदीचे निळे थ्रेडलॉक लावा, पण टायटॅनियमवर ते स्टीलपेक्षा हळू सुकते हे लक्षात ठेवा. रात्रभर ठेवा किंवा ॲक्टिव्हेटर वापरा. प्लास्टिकात जाणाऱ्या स्क्रूला थ्रेडलॉक अजिबात नको, पॉलिकार्बोनेट आणि एबीएस त्याने तडकतात.

ऑनलाइन घेताना वर्णन नीट वाचा. सोनेरी शॉक शाफ्टवर लिहिलेले 'टायटॅनियम नायट्राइड' म्हणजे स्टीलवर दिलेला काही मायक्रॉन जाडीचा कठीण थर. शॉकसाठी तो उत्तमच, कारण सील कमी घासते, पण ते टायटॅनियम नव्हे. 'टायटॅनियम कलर' लिहिले असेल तर ते रंगवलेले ॲल्युमिनियम. लोहचुंबकाने यातले फारसे उलगडत नाही, कारण ॲल्युमिनियम आणि बरेचसे स्टेनलेसही चुंबकाला चिकटत नाही. त्यापेक्षा ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. भाग कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा आणि दोऱ्याने बांधलेला भाग तळाला किंवा काचेला न टेकता पाण्यात पूर्ण बुडवा. कोरडे वजन भागिले आता दिसणारा आकडा, ही झाली घनता. १.९ भागिले ०.४३ म्हणजे ४.४, टायटॅनियम खरे. २.८ आले तर ॲल्युमिनियम, ७.८ च्या वर गेले तर स्टील. आट्यांत बुडबुडे अडकतात म्हणून पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब टाका, आणि स्क्रू असतील तर दहा एकत्र तोला.

पावसाळ्यात किंवा समुद्रकिनारी गाडी चालवणाऱ्यांसाठी हिशेब जरा बदलतो. काळे १२.९ स्क्रू दमट हवेत आठवड्यात तांबूस होतात, टायटॅनियमला गंज चढत नाही. पण खारे पाणी लागले की टायटॅनियम स्क्रूभोवतीचे ॲल्युमिनियम पोखरते आणि आट्यांत पांढरी भुकटी जमते. किनाऱ्यावरून आणलेली गाडी आधी साध्या पाण्याने पुसा, ॲल्युमिनियममधले स्क्रू काढून आटे कोरडे करा, सीव्हीडीवर हलक्या तेलाचा हात फिरवा आणि मगच ती बॅगेत ठेवा.