नॉर्वेच्या फ्योर्डचं पॅकेज, 'हातउसने' हा रिमार्क आणि गेलेले ६,२०,००० रुपये

आधी आकडा. ५१,००० टोकन, यूपीआयने. मग २,४९,००० 'तिकिटांसाठी'. मग १८ मार्च २०२५ ला ३,२०,००० 'हॉटेल आणि क्रूझ ब्लॉक करायला'. शेवटचे दोन्ही आरटीजीएस. चौघांचं नॉर्वे, फ्योर्ड म्हणजे डोंगरांमधल्या अरुंद समुद्रखाड्या बघायला, नऊ रात्री, एकूण भाव ९,२०,०००. निघायचं होतं २२ मे ला. एप्रिलमध्ये नागपूरच्या धरमपेठेतल्या त्या चकचकीत ऑफिसला कुलूप, आणि शटरवर 'गाळा भाड्याने देणे आहे'. नाव लिहीत नाही, तक्रार सुरू आहे.

टूरवाले पैसे घेऊन पळतात हे नागपुरात कोणाला माहीत नाही? आम्हालाही माहीत होतं. म्हणून तर पीएनआर तपासला, हॉटेलला थेट मेल टाकला. दोन्हीकडून होकार आला. 'तुम्ही चौकशी कशी नाही केली' म्हणणाऱ्यांनी आधी हे वाचावं.

पीएनआर खरा होता. विमान कंपनीच्या साइटवर टाकला की चौघांची नावं, तारखा, सगळं दिसायचं. पण एजंट पैसे न भरताही जागा धरून ठेवू शकतो. ती मुदत संपली की बुकिंग आपोआप मरतं. बघायचा असतो तो ई-तिकीट नंबर. तेरा आकडी असतो आणि पहिले तीन आकडे कंपनीचे: एमिरेट्सचे १७६, कतारचे १५७, लुफ्तान्साचे २२०. तो नंबर नसेल तर तिकीट निघालेलंच नाही, पीडीएफ कितीही रंगीत असो.

हॉटेलचंही तेच. फ्लोम या फ्योर्डकाठच्या गावातल्या हॉटेलने उत्तर दिलं, हो, या नावाने दोन खोल्या आहेत. होत्याच. फुकट रद्द करता येणारं बुकिंग होतं, शेवटचा हप्ता मिळाल्यावर चार दिवसांत रद्द झालं. मेलमध्ये 'बुकिंग आहे का' विचारू नका. 'पैसे भरलेत का, आणि रद्द केल्यास किती परत मिळतात' असं विचारा. आणि शेवटचा हप्ता देण्याच्या दिवशी सकाळी परत विचारा.

आता कार्यक्रमपत्रिका. तिचा राग अजून जात नाही, कारण सगळं तिथेच छापलेलं होतं. दिवस पाचवा: 'ब्रिक्सडाल हिमनदीवर चालणे'. योस्टेडाल्सब्रेन ही युरोपच्या मुख्य भूमीवरची सगळ्यात मोठी हिमनदी, ब्रिक्सडाल ही तिची एक जीभ. ती मागे सरकत सरकत सरोवर सोडून वर कड्यावर गेलीय. लोक सरोवरापर्यंत चालत किंवा 'ट्रोल कार'ने जातात आणि खालूनच बघतात. बर्फावर चालायचं तर निगार्ड्सब्रेन ही दुसरी जीभ, तेही मार्गदर्शक, दोर आणि क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे लोखंडी खिळे) घेऊनच, आणि मुख्य हंगाम जून ते सप्टेंबर. खरा मार्गदर्शक आधी मुलांचं वय विचारतो. या माणसाने कधीच विचारलं नाही. त्याच निगार्ड्सब्रेनच्या तोंडाशी ऑगस्ट २०१४ मध्ये बर्फाचा कडा कोसळून एक जर्मन जोडपं मुलांच्या डोळ्यांदेखत गेलं. पत्रिकेत मात्र 'हिमनदीच्या टोकाशी फॅमिली फोटो' लिहिलेलं!

दिवस सहावा: 'फ्लोम येथे मध्यरात्रीचा सूर्य व नॉर्दर्न लाइट्स'. बाप्पा! फ्लोम साधारण ६१ अंश उत्तरेला, ध्रुववृत्ताच्या बरंच खाली, आणि मध्यरात्रीचा सूर्य ध्रुववृत्ताच्या उत्तरेलाच दिसतो. नॉर्दर्न लाइट्सना, म्हणजे आकाशातल्या त्या रंगीत ध्रुवीय प्रकाशाला, काळोख लागतो, आणि मे अखेरीस तिथे रात्र नीट काळी होतच नाही. एका ओळीत दोन अशक्य गोष्टी. मिर्दाल ते फ्लोम रेल्वे २० किलोमीटर, तासाभराची. तिला 'पूर्ण दिवस' दिला होता. गुदवांगेन ते फ्लोम बोट दोन तासांची, तीच नॅरॉयफ्योर्डमधून जाते, जो काही ठिकाणी २५० मीटरच रुंद आहे. या दोन गोष्टी एका दिवसात आरामात होतात. फ्यार्लंड, जिथे १९८६ पर्यंत रस्ताच नव्हता, जिथे हिमनदी संग्रहालय आहे आणि बोयाब्रेन ही हिमनदी रस्त्यावरून दिसते, त्या गावाचं नाव पत्रिकेत नव्हतंच. जो माणूस फ्योर्ड विकतो आणि फ्यार्लंड वगळतो, त्याने नकाशासुद्धा उघडलेला नसतो. (विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. मे ऐवजी जूनचे पहिले तीन आठवडे धरा, हिमनदीचा हंगाम लागलेला असतो.)

पण हे सगळं माफ. खरी मेख तिसऱ्या हप्त्यात होती.

टूरवाला म्हणाला, 'दादा, पॅकेज सात लाखांच्या वर जातं. पहिल्या सात लाखांवर ५ टक्के म्हणजे ३५,०००, वरच्या २,२०,००० वर २० टक्के म्हणजे ४४,०००. एकूण ७९,००० टीसीएस, म्हणजे परदेशी सहलीवर आम्ही तुमच्याकडून आगाऊ घेतो तो कर. उगाच कशाला भरता? माझ्या पर्सनल खात्यात टाका, बिल लहान करतो.' हिशेब अचूक होता, म्हणून तर पटला. शेजारी बसलेल्या त्याच्या 'अकाउंट्सच्या ताईं'नी चिठ्ठीवर लिहूनही दिलं: रिमार्कमध्ये 'हातउसने' टाका, नाहीतर इन्कम टॅक्सवाले विचारतील. ती चिठ्ठी अजून आहे. निळी शाई, खाली हसऱ्या चेहऱ्याचं चित्र.

याच क्षणी उठायला हवं होतं असं आता सगळे सांगतात. पण ७९,००० वाचवायचे कुणाला नको असतात? आणि कुणी सांगितलं नव्हतं की टीसीएस बुडत नाही: तो तुमच्या पॅनवर जमा होतो, २६एएस या आयकराच्या पत्रकात दिसतो, रिटर्न भरताना करातून वळता होतो किंवा परत मिळतो. वर, १ एप्रिल २०२५ पासून २० टक्के लागायची मर्यादा सातवरून १० लाखांवर गेली, हे अर्थसंकल्पात फेब्रुवारीतच जाहीर झालं होतं. दोन आठवडे थांबलो असतो तर ४६,००० लागले असते, तेही परत मिळणारे. त्याला म्हणूनच मार्च गाठायचा होता.

टूर कंपनीचे पैसे माणसाच्या नावावर मागितले की तिथेच व्यवहार थांबवा. पावतीवरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाका, फुकट दिसतं. आमच्या पावतीवरचा नंबर २७ ने सुरू होत होता, महाराष्ट्राचाच, फक्त निघाला एका प्लायवूडच्या दुकानाचा.

आणि 'हातउसने' या एका शब्दाने पुढे काय केलं ते ऐका. पोलीस ठाण्यात गेलो. पहिल्या दिवशी हद्दीचा वाद: ऑफिस एकीकडे, बँक दुसरीकडे. झिरो एफआयआर बीएनएसएस या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या कलम १७३ मध्ये लिहिलेलं आहे, हद्द कुठलीही असो गुन्हा नोंदवायचा. तिथल्या साहेबांना ते आम्ही सांगायचं? दुसऱ्या खेपेला बँकेचं स्टेटमेंट वाचून म्हणाले, 'हे तर उसनवारीचं प्रकरण. दिवाणी आहे, वकील करा.' बीएनएस म्हणजे नव्या दंडसंहितेचं कलम ३१८(४), फसवणूक, हा शब्द त्यांच्या तोंडून एकदाही आला नाही. सायबरवाल्यांकडे गेलो तर 'ऑफिसात बसून दिलेत, यात सायबर काय?' बँक म्हणते, ओटीपी तुम्हीच टाकला. मग त्या खात्यात रोज लाखांनी पैसे येत होते, त्याच दिवशी निघत होते, ते कुणालाच दिसलं नाही? केवायसी आमचीच करायची का फक्त? क्रेडिट कार्डाने भरले असते तर निदान चार्जबॅक, म्हणजे कार्डाच्या बँकेकडून पैसे परत, मागता आला असता. आरटीजीएसला तीही सोय नाही.

चार पासपोर्टही त्याच्याकडे होते, 'व्हिसा फाइलसाठी'. परत मागितले तर ४०,००० 'कॅन्सलेशन' मागितलं. पासपोर्ट ही १९६७ च्या कायद्याच्या कलम १७ नुसार केंद्र सरकारची मालमत्ता आहे, एजंटने अडवून धरायची वस्तू नाही. हे वकिलाच्या नोटिशीत लिहिल्यावर तीन दिवसांत कुरिअरने आले. व्हिसासाठी शेंगेनचं (नॉर्वेसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाचं) शुल्क मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांखालच्या मुलांना ४५, आणि बोटांचे ठसे द्यायला सहसा स्वतः जावं लागतं. अपॉइंटमेंटची तारीख न सांगता 'व्हिसा पक्का' म्हणणारा खोटं बोलतोय.

पैसे गेल्याचं कळताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, पोचपावतीचा नंबर लिहून घ्या. तासांचा प्रश्न असतो. व्हॉट्सअॅपचं बोलणं नुसता स्क्रीनशॉट म्हणून देऊ नका, सोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडा. ग्राहक आयोगात ई-जागृती पोर्टलवर तक्रार टाकता येते. पाच ते दहा लाखांच्या मोबदल्याला शुल्क अवघे २०० रुपये, मुदत दोन वर्षं. तिथे मात्र पॅकेजची पत्रिका आणि ती निळी चिठ्ठी दोन्ही लावा, म्हणजे 'उसने' नव्हे हे दिसतं.

आमच्या ६,२०,००० पैकी त्याच्या खात्यात ३८,४०० गोठले आहेत. ते सोडवायलाही कोर्टाचा आदेश आणा म्हणतात, आणि आदेशासाठी ठाण्याचा अहवाल लागतो. अहवाल त्याच साहेबांनी लिहायचा आहे.