जुनं काळं पायमशीन घरी दुरुस्त करून वापरल्यावर: एक पावसाळा आणि पुढचे महिने

माळ्यावर पडलेलं काळं, सरळ टीपेचं पायमशीन भंगारात घालण्याआधी एकदा पूर्ण साफ करून बघा. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागातल्या पावसात दुरुस्त करून पुढे ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश, अभ्रे आणि वाकळा अशा सगळ्या कामाला लावल्यानंतरचं हे मत आहे. अशा मशीनमध्ये मोडलेलं फार थोडं असतं. वर्षानुवर्षांचं तेल वाळून डिंकासारखं झालेलं असतं आणि दोऱ्यांचा कचरा दाबून बसलेला असतो. म्हणून स्क्रू पिळण्याआधी साफसफाई, हा क्रम सोडू नका.

इथे लिहिलंय ते सिंगरच्या १५ नंबरच्या घडणीच्या मशीनबद्दल. ओळख सोपी आहे: बॉबिन केस (खालच्या दोऱ्याच्या रिळाची डबी) डाव्या बाजूने बसते, तिच्याभोवतीचं, वरचा दोरा खालच्यात गुंफणारं शटल पूर्ण न फिरता पुढे-मागे हलतं, आणि वरचा दोरा ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्या डाव्या टोकाच्या पत्र्यावर असतात.

मशीन जड फिरत असेल तर आधी पट्टा उतरवा. नुसतं वरचं चाक हाताने फिरवा, मग नुसता पायटा हलवा. दोष मशीनमध्ये आहे की स्टँडमध्ये, ते तिथेच कळतं. झडीच्या दिवसात ऊन नसतं, तेव्हा गोठलेलं तेल सैल करायला केस वाळवायचा ड्रायर चालतो. मात्र ड्रायर आधी आणि रॉकेल नंतर. रॉकेल लावलेल्या मशीनवर गरम हवा सोडायची नाही. रॉकेल वापरताना खिडकी उघडी ठेवा, चूल आणि उदबत्ती लांब ठेवा. वरची तेलाची सगळी भोकं, तोंडाच्या पत्र्यामागची सुईदांडी, आणि मशीन मागे कलंडून खालचे सगळे सांधे, अशा प्रत्येक जागी रॉकेलचे २-३ थेंब घालून चाक फिरवा, अर्धा तास थांबा, पुन्हा फिरवा. चॉकलेटी रंगाचा चिकटा बाहेर येईल, तो पुसा. अडलेल्या चाकावर जोर करायचा नाही. टाक्याची लांबी ठरवणारा खटका अडकला असेल तरी हाच उपाय. पक्कड लावली की तो वाकतो.

रॉकेल फक्त धुतं, वंगण देत नाही. ते पुसून घेऊन त्याच दिवशी शिलाई मशीनचं पातळ, बिनरंगाचं तेल प्रत्येक जागी १-२ थेंब द्या. पावसाळी हवेत धुतलेलं उघडं लोखंड तसंच ठेवलं तर लवकर तांबूस होतं. खोबरेल किंवा खायचं तेल अजिबात नको. ते काही महिन्यांत वाळून पुन्हा डिंक होतं, आणि बऱ्याच मशीन मुळात त्यामुळेच अडकलेल्या असतात. अंगावरच्या सोनेरी नक्षीला थिनर किंवा स्पिरिट लावू नका, वरचा रोगण विरघळून नक्षी जाते. तिथे तेलाचा बोळा पुरे.

आता शटल. सुई सगळ्यात वर आणा, बॉबिन केस काढा, शटलच्या कड्याच्या दोन खिट्या बाहेर वळवा, कडं काढा आणि मधली कांडी धरून शटल बाहेर ओढा. ते कसं बसलं होतं त्याचा आधी मोबाईलवर फोटो घ्या. ज्या खाचेत शटल सरकतं तिथे बोट फिरवलं तर बहुतेक वेळा तुटक्या दोऱ्याचा केसाएवढा तुकडा सापडतो, तेलात भिजून काळा पडलेला आणि खाचेला चिकटलेला. ‘खट’ करून मशीन अडतं ते बऱ्याचदा याच तुकड्यामुळे. खाच पुसून एकच थेंब तेल द्या. नंतर कापड सरकवणाऱ्या दातांवरची पट्टी २ स्क्रू काढून उचला. दातांच्या फटीत दाबलेला कचरा नमद्यासारखा घट्ट होतो आणि दात पुरते वर येत नाहीत. कापड पुढे सरकत नाही ते त्यामुळेच. ब्रश चालत नाही तिथे जाड सुईने उकरा. सुईच्या भोकाची कड नखाला टोचत असेल तर बारीक वॉटर पेपरची सुरळी करून घासा. दोरा तिथेच कापला जातो.

सुईबाबत गोंधळ फार होतो. या घडणीत सुईची सपाट बाजू उजवीकडे आणि दोरा डावीकडून उजवीकडे ओवायचा. सुई वरपर्यंत ढकलूनच स्क्रू आवळा, थोडी खाली राहिली तरी टाके सुटतात. पातळ कापडाला ११ नंबर, साध्या सुतीला १४, गणवेशाच्या जाड कापडाला १६, जीन्सला १८. खणाच्या ब्लाऊजला १४ बरी पडते, पण काठ दुमडून थर वाढले की १६ घ्या.

कापडाच्या खाली दोऱ्याचं जाळं झालं की सगळे बॉबिन केसचा स्क्रू पिळायला घेतात. दोष बहुधा वरच्या दोऱ्यात असतो. दाब (कापड दाबून धरणारी पावली) खाली असताना दोरा ओवला तर तो चकत्यांच्या मध्ये जातच नाही. दाब वर करून ओवा. चकत्यांत गंज किंवा कचरा असेल तर दाब वर ठेवूनच तेलाची चिंधी आतून ओढा, नंतर कोरडी ओढा. बॉबिन केसची परीक्षा अशी: दोऱ्याला धरून केस लोंबकळू द्या. स्वतःहून खाली घसरायला नको, हलका झटका दिल्यावर थोडी उतरून थांबायला हवी. स्क्रू फिरवायचाच झाला तर एका वेळी पाव फेरा.

एवढं करूनही टाके सुटत असतील तर सुई आणि शटलचा मेळ तपासा. सुई तळाला जाऊन साधारण अडीच मिलिमीटर वर आली की शटलचं टोक सुईशी यायला हवं, नेढ्याच्या सुमारे दीड मिलिमीटर वर. तसं नसेल तर सुईदांडीची उंची बदलावी लागते. तो स्क्रू घरी सैल करू नये, असंच माझं मत आहे. हे काम कारागिराचं.

चाक फिरतं पण सुई हलत नाही, अशी तक्रार असेल तर बॉबिन भरताना सैल केलेली चाकाची मधली चकती आवळलेली नाही. ती उघडून साफ केली असेल आणि तरी आवळत नसेल तर आतला तीन कानांचा वायसर अर्धा फेरा फिरवून बसवा. बॉबिन भरायच्या चाकावरचं रबर दगड झालेलं असतं. त्याच मापाची ओ-रिंग हार्डवेअरच्या दुकानात मिळते.

आता वापराबद्दल. पहिले काही आठवडे सांध्यांतून काळं तेल येत राहतं. घाबरू नका, आतला चिकटा सुटत असतो. पण शिवायला बसताना आधी चिंधीवर दोन वीत टीप मारा, नाहीतर पांढऱ्या गणवेशावर डाग पडतो. रोजचं काम असेल तर आठवड्याला तेल, आणि शटल काढून पुसणं प्रत्येक वाकळेनंतर, कारण जुन्या सुती लुगड्यांचा भुसा फार पडतो. आवाज महिनोन् महिने एकसारखा हलका राहिला. टीपही बिघडली नाही.

त्रास दिला तो चामड्याच्या पट्ट्याने. जांबोटी-कणकुंबीकडच्या दमट हवेत तो ओल धरून लांबतो आणि चाकावरून घसरतो. तारेची कडी काढून एका वेळी अर्धाच सेंटिमीटर कापा. जास्त कापला तर हिवाळ्यात कोरडा होऊन आखडतो आणि मशीन पुन्हा जड वाटतं. पट्ट्याला तेल लावू नये. निपाणी-चिकोडीच्या कोरड्या बाजूला हा त्रास कमी. पायट्याची खटखट दांड्याच्या सांध्यातून येते: टोकदार स्क्रू थोडा आवळून त्यावरचा नट घट्ट करा. सांधाच झिजून ढिला झाला असेल तर बेळगावला उद्यमबागेत लेथवर बुश करून घेता येतो.

झाकायला कापड वापरा. प्लास्टिकखाली ओल कोंडते आणि सुईदांडीवर गंजाचे ठिपके येतात. ओल आलेल्या भिंतीपासून स्टँड हातभर पुढे ठेवा, फळीची कड फुगत नाही.

या मशीनवर टी-शर्टचं ताणणारं कापड नीट शिवलं जात नाही. बॉलपॉइंट सुईने थोडा फरक पडतो, एवढंच. काजं आणि झिगझॅगही होत नाही. वाकळ चार-पाच थरांपर्यंत ठीक. त्याहून जाड असेल तर हातानेच धावदोरा घाला. वीज गेली तरी काम थांबत नाही, आणि पावसाळ्यात खानापुराच्या पश्चिमेला याचा उपयोग रोज होतो. नवी बॉबिन आणायला जाताना जुनी सोबत न्या. व्यास साधारण २० मिलिमीटर आणि उंची साडेअकरा, शेजारी ठेवून जुळवूनच घ्या. एक मिलिमीटरचा फरक असला तरी ती केसमध्ये अडते.