वजनकाटा घेतला, त्याला दहा महिने झाले

गेल्या चतुर्थीनंतर ह्यांची साखर वाढलेली निघाली आणि आहारतज्ज्ञ बाईंनी बजावलं, वाटीचा हिशेब नको, ग्रॅममध्ये लिहून आणा. वाटी तरी कुणाची धरायची? सासूबाईंची पितळी आणि माझी स्टीलची, दोन्हींत चाळीस ग्रॅम तांदळाचा फरक! म्हणून पाच किलोपर्यंतचा, एकेक ग्रॅम दाखवणारा साधा काटा मागवला. गोव्यात फोंड्याला आमच्या ओट्यावर तो तेव्हापासून आहे.

पहिल्या पंधरवड्यात मी घोळ घातला, तो आधी सांगते. ह्यांच्या ताटातलं शीत, म्हणजे शिजलेला भात, मोजलं, 180 ग्रॅम, आणि ॲपमध्ये नुसतं 'तांदूळ' निवडलं. सहाशेच्या वर कॅलरी आल्या. घाबरून शीत निम्म्यावर आणलं. खरं म्हणजे 200 ग्रॅम उकड्या तांदळाचं आमच्याकडे पेज निवळून 560 ग्रॅम शीत होतं. म्हणजे त्या 180 ग्रॅममध्ये कच्चे तांदूळ 65 ग्रॅमसुद्धा नव्हते, कॅलरी फार तर सव्वादोनशे. चौथ्या दिवशी दुपारी चारला हे घामाघूम, हात थरथरताहेत. ग्लुकोमीटरवर 58. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी 84 आली तेव्हा माझ्या जिवात जीव आला. डॉक्टरांनी मलाच झापलं: साखर उतरवायची गोळी चालू असताना जेवण परस्पर कमी करायचं नाही, गोळी नेहमीच्या जेवणावर बेतलेली असते. काट्याचा दोष काहीच नाही. त्याने 180 बरोबरच दाखवलं होतं.

आता कच्चंच मोजते, तेही टोपात, एकदाच. रिकाम्या टोपांची वजनं कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहेत. शिजल्यावर टोपासकट वजन करून ती वजा करायची, म्हणजे ताटात वाढलेल्यात कच्चं किती होतं ते कळतं. आकड्यांसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे 2017चे तक्ते बरे. ॲपमध्ये कोण काय भरून ठेवतो, देव जाणे.

खरा धक्का खोबऱ्याने दिला. हुमणाच्या, म्हणजे माशाच्या आमटीच्या, वाटणाला मी 'थोडंसं' म्हणून घालायची ते भरलं 150 ग्रॅम. ओल्या खोबऱ्याच्या 100 ग्रॅमला साधारण साडेतीनशे कॅलरी धरा, म्हणजे नुसत्या वाटणातच पाचशेच्या वर. बांगड्याचं उलट: जेवण झाल्यावर ताटातले काटे मोजून वजा केले, तर मासा वाटतो त्याहून कमीच पोटात जातो. सासूबाई म्हणाल्या, "आता मीठही मोज!" ते मात्र ह्या काट्याला जमत नाही. चिमूट-चिमूट टाकलं तर आकडा जागचा हलत नाही. उपाय असा: मिठाची बरणीच काट्यावर ठेवून शून्य करायची आणि त्यातून काढायचं, उणे किती दिसतं ते वापरलेलं मीठ. दिवसाला माणशी 5 ग्रॅमच्या आत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेलाच्या बाटलीलाही हीच युक्ती.

तक्रारी आहेतच. दोन मिनिटांत आपोआप बंद पडतो, नेमका अर्धं पीठ घातल्यावर. मोठ्या टोपाखाली आकडे झाकले जातात. ह्या जूनमध्ये पाऊस लागल्यावर ओल्या बोटांनी बटणं भलतीच दाबली जायची. पंख्याखाली एक-दोन ग्रॅम नाचतात. अधूनमधून लिटरभर पाणी ठेवून खात्री करते, अजून तरी पाच-सात ग्रॅमच्या पुढे चुकलेला नाही.

मार्चमध्ये मात्र दहावीतली मुलगी प्रत्येक घास मोजायला लागली. एकदा अर्धी चपाती परत ठेवली, 'जास्त भरली' म्हणून. त्या रात्रीच काटा वरच्या फळीवर गेला. आता स्वयंपाक करताना मीच खाली काढते, जेवणाच्या टेबलावर तो येत नाही. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, दोन पोयांत (आमच्याकडचे गोल पाव) एक 55 ग्रॅमची निघते, एक 70ची. लहान ह्यांना, मोठी तिला. आकडा मी सांगत नाही.