मोकळ्या जागेतील पोर्ट्रेटसाठी लाइट स्टँड : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

बाहेरच्या पोर्ट्रेटसाठी गेले काही महिने मी तीन प्रकारचे लाइट स्टँड, म्हणजे फ्लॅश उंचावर धरणारे तीन पायांचे स्टँड, आलटूनपालटून वापरत आहे. पहिला, पाय उलटे वर दुमडणारा, जेमतेम किलोभराचा ॲल्युमिनियमचा प्रवासी स्टँड. दुसरा, एक पाय लांब करता येणारा, जाड नळ्यांचा मध्यम वजनाचा स्टँड. आणि तिसरा पोलादी सी-स्टँड, म्हणजे स्टुडिओत वापरतात तो जड स्टँड. एवढ्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की, खोक्यावर छापलेली वजनक्षमता पाहून बाहेरच्या कामासाठी स्टँड निवडण्यात फारसा अर्थ नाही. तो आकडा ओळंब्यात उभ्या असलेल्या स्टँडच्या माथ्यावर, बरोबर मध्यावर ठेवलेल्या स्थिर वजनाचा असतो आणि त्यात वारा कुठेच धरलेला नसतो. बाहेर स्टँड भाराखाली मोडल्याचे क्वचितच घडते, तो कलंडतो. म्हणून पायांचा घेर, खालच्या बाजूचे वजन आणि उंच-सखल जमिनीवर सरळ उभे राहण्याची सोय या तीन गोष्टी मी आधी पाहतो, आणि उरलेली वैशिष्ट्ये नंतर.

वाऱ्याचा हिशेब एकदा मांडून पाहिला की या क्रमाचे कारण स्पष्ट होते. ९० सेंटिमीटर व्यासाच्या ऑक्टाबॉक्सचे (फ्लॅशवर लावायच्या, प्रकाश मऊ करणाऱ्या अष्टकोनी कापडी पेटीचे) क्षेत्रफळ सुमारे ०.६४ चौरस मीटर भरते. झाडाची पाने आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतात, तेव्हा वारा ताशी १८ किलोमीटरच्या आसपास असतो, आणि असा वारा समोरून आल्यास त्या ऑक्टाबॉक्सवर किलो-सव्वा किलोचा रेटा बसतो. हा रेटा ऐकायला किरकोळ वाटतो, परंतु तो २.२ मीटर उंचीवर लागत असतो. उलट बाजूला, तीन पायांच्या स्टँडचे प्रत्येक पाऊल मध्यापासून ५० सेंटिमीटरवर असले, तरी कोणत्याही दोन पावलांना जोडणारी रेषा मध्यापासून केवळ २५ सेंटिमीटरवर येते आणि स्टँड पडतो तो याच रेषेवरून. एवढ्या वाऱ्यात उभे राहण्यासाठी स्टँड, फ्लॅश, ऑक्टाबॉक्स आणि वाळूची पिशवी यांचे एकत्रित वजन सुमारे १० किलो असावे लागते. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्यात हीच गरज चौपट होऊन ४० किलोच्या पुढे जाते. लहान झाडे डोलू लागली की मी ऑक्टाबॉक्स उतरवून ठेवतो, ते याच कारणाने. त्या वाऱ्यात कोणता स्टँड चांगला, हा प्रश्नच उरत नाही.

या हिशेबातून निघणारी सर्वांत उपयोगी आणि पूर्णपणे फुकट गोष्ट म्हणजे स्टँड कोणत्या दिशेला तोंड करून उभा करावा, ही. एक पाय वारा जिकडे वाहतो आहे त्या दिशेला सरळ रोखला, तर कलंडण्याचा बिंदू २५ ऐवजी ५० सेंटिमीटरवर जातो आणि लागणारे वजन कागदावर तरी निम्म्यावर येते. वारा एका रेषेत कधीच राहत नाही, म्हणून हा फायदा मी पूर्ण धरत नाही. पण दोन पायांच्या मधल्या मोकळ्या बाजूकडे वारा लोटत असलेला स्टँड पाहिला की माझा हात आपोआप तो फिरवायला जातो. वाळूच्या पिशव्या मी उरलेल्या दोन, म्हणजे वाऱ्याच्या बाजूच्या पायांवर टाकतो, कारण कलंडण्याच्या बिंदूपासून त्या जितक्या दूर असतील तितका त्यांचा प्रभाव वाढतो.

आता प्रत्येक स्टँडविषयी. प्रवासी स्टँड दुमडल्यावर अर्ध्या मीटरच्या आत मावतो आणि पाठीवरच्या पिशवीत जातो, एवढेच त्याचे मोठेपण आहे. स्पीडलाइट (कॅमेऱ्यावर बसणारा लहान फ्लॅश) आणि प्रकाश पसरवणारी लहान छत्री, तीही वारा पडलेला असताना, एवढ्यापुरता तो ठीक आहे. सर्वांत वरची नळी पूर्ण वर ओढली की फ्लॅशचे डोके नुसत्या झुळकेने डुलू लागते. त्याची प्लॅस्टिकची एक कॉलर, म्हणजे नळ्यांच्या जोडावरचे कडे, आवळायच्या नॉबच्या छिद्रापाशी तडकली. आता तो भाग पकड धरत नाही आणि स्टँड एका टप्प्याने बुटका झाला आहे. कॉलर धातूच्या असतील तरच असा स्टँड घ्यावा.

सी-स्टँडच्या स्थैर्याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. साधारण सहा किलोंचे पोलाद असल्याने पिशवी टाकण्यापूर्वीच निम्मे काम झालेले असते, आणि पाय वेगवेगळ्या उंचीवर असल्याने दोन स्टँड एकमेकांत सरकवून शेजारी उभे करता येतात. आडवा दांडा लावताना भार नॉब आवळला जाईल अशा बाजूला यावा, हा नियम पाळला नाही तर दांडा स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली येतो. माझी अडचण निराळी आहे. माझ्याकडचा पाया तिन्ही पाय स्थिर असलेला आहे, त्यामुळे उतारावर तो सरळ उभाच राहत नाही. दगडाच्या चकत्या खाली सारून केलेला समतोल मला भरवशाचा वाटत नाही. सी-स्टँड बाहेर न्यायचाच असेल, तर एक पाय वर-खाली सरकणारा प्रकार घ्यावा. शिवाय गाडी उभी करण्याची जागा आणि छायाचित्राची जागा यांत बरेच चालायचे असेल, तर सी-स्टँड घेऊन जाणाऱ्याचा उत्साह वाटेतच संपतो, हेही लक्षात घ्यावे.

माझे बहुतेक काम शेवटी मधल्या स्टँडवर येऊन स्थिरावले आहे. त्याच्या नळ्या ३५, ३० आणि २५ मिलिमीटर व्यासाच्या आहेत आणि माथ्यावर नेहमीचा १६ मिलिमीटरचा स्पिगॉट, म्हणजे फ्लॅश बसवायची खुंटी, आहे. सुमारे ३ किलोंचा ६०० वॅट-सेकंदांचा बॅटरी फ्लॅश त्यावर बसवल्यावरही मधल्या दांड्याला बाक येत नाही. उतारावर दोन स्थिर पाय चढाच्या बाजूला टेकवायचे, लांब होणारा पाय उताराकडे सोडायचा, एका हाताने दांडा सरळ धरून दुसऱ्या हाताने त्या पायाचा नॉब आवळायचा, आणि मग दांड्याला दोन दिशांनी हलकेच ढकलून पाहायचे, एवढे केले की काम झाले. दांडा ओळंब्यात नसेल तर वरचे सगळे वजन एका बाजूला जाते आणि वाऱ्याचे काम आयतेच सोपे होते. पाय किती पसरावेत, याचे माझे माप पाय आणि मधला दांडा यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्यांवरून ठरते. पट्ट्या साधारण जमिनीला समांतर येईपर्यंत पाय उघडावेत. त्यापेक्षा चपटे केले तर मधला दांडा जमिनीला टेकतो आणि पाय नावालाच उरतात.

उंची वाढवताना जाड नळी आधी आणि बारीक नळी शेवटी काढावी, म्हणजे डुलणे कमी राहते. एअर कुशनचा, म्हणजे नळीत अडकलेल्या हवेमुळे ती सावकाश खाली येण्याच्या सोयीचा, गवगवा मात्र मला पटत नाही. नॉब सैल झाल्यावर फ्लॅश धाडकन खाली येत नाही आणि बोटे वाचतात, ही सोय चांगली आहे. तिचा मजबुतीशी काही संबंध नाही. या स्टँडविषयी तक्रार एकच: नॉबचे टोक थेट नळीवर दाबले जाते, त्यामुळे जोर लावून आवळण्याच्या सवयीने नळीवर लहान खड्डे पडले आहेत आणि आता तिथून सरकताना ती अडखळते. नॉब आणि नळी यांच्यामध्ये धातूची पट्टी असलेली रचना मिळाली तर तीच घ्यावी.

वजनासाठी वाळू की पाणी, याचेही दोन्हीकडे काहीतरी आहे. एक लिटर कोरडी वाळू दीड किलोहून अधिक भरते आणि पाणी एक किलो, म्हणून तेवढ्याच वजनासाठी पाण्याची पिशवी मोठी होते आणि झुलतेही. परंतु रिकामी पिशवी खिशात मावते आणि पाणी पुष्कळदा जागेवर मिळते. पिशवी मधल्या दांड्याला टांगायची असेल, तर ती जमिनीपासून किंचित वर राहावी. जमिनीवर टेकली तर तिचे वजन स्टँडवर येत नाही, आणि फार उंच टांगली तर ती वाऱ्यात हेलकावे घेत स्टँडलाच धक्के देते. भुसभुशीत वाळूत पावले रुततात, तेव्हा प्रत्येक पायाखाली फळीचा लहान तुकडा ठेवतो. हिरवळीवर तंबूच्या खुंट्या आणि दोर लावणे हा उपाय पिशवीहून सरस आहे, मात्र जिथे माणसांची ये-जा आहे तिथे दोरात पाय अडकण्याचा धोका असल्याने मी तो करत नाही.

स्टँड बदलण्याआधी वर काय बसवले आहे, तेही पाहावे. छत्री वाऱ्यात शिडासारखी वागते. ९० ऐवजी ६० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स (ऑक्टाबॉक्ससारखीच प्रकाश मऊ करणारी पेटी) लावला तर क्षेत्रफळ निम्म्याहून कमी होते, आणि तो चेहऱ्याच्या तेवढा जवळ आणला तर प्रकाशाचा मऊपणाही टिकतो. जवळ मदतनीस उभा असेल तर तोच सर्वांत चांगला स्टँड, कारण वाऱ्याचा झोत येताना त्याला कळतो आणि तो दांडा धरतो. गर्दीच्या जागी मी स्टँड माणसाविना सोडतच नाही.

निगेबद्दल फार सांगण्यासारखे नाही. नळ्या आत सरकवण्यापूर्वी कोरड्या फडक्याने पुसाव्यात, कारण आत गेलेली वाळू प्रत्येक वेळी ओरखडे काढते आणि नॉबचे आटे खाते. समुद्राकाठून आल्यावर गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून स्टँड उघडा ठेवून वाळवावा. नळ्यांना तेल लावू नये. सरकणे सुखद होते, पण नॉबची पकड जाते. एखादा थेंब द्यायचाच असेल तर तो नॉबच्या आट्यांना द्यावा.